शब्दचर्चा: मास्तर घडवणाऱ्या मास्तरांना काय म्हणायचं?

शेवंती: एका दिवाळी अंकासाठी लेखक-परिचय मराठीत करतेय. लेखिका माझी मावसबहीण. अमेरिकेत एका विद्यापीठात 'टेसोल' (टीचिंग इंग्लिश टू स्पीकर्स ऑफ अदर लँग्वेजेस) शिकवते. म्हणजे ती स्वतः इंग्रजी शिकवत नाही. ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी शिकवायला जे शिक्षक पुढे जाणार, ते तिच्या हाताखालून जातात. माझं वाक्य झालंय: 'इतर भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापिका'. मोठ्यानं वाचलं तर आई म्हणाली, "मालगाडीचे डबे मोजतेस का?" 'शिक्षक-प्रशिक्षक' केलं तर बहीण म्हणते, "प्रशिक्षक क्रिकेटचा असतो. माझी शिट्टी कुठाय?" सुचवा काहीतरी.

भोरचा मास्तर: शब्द आहे की! अध्यापकाचार्य. डी.एड.ला आम्ही छात्राध्यापक आणि ते अध्यापकाचार्य. अर्थात कागदावरच, तोंडी 'सर'. मागच्या बाकावर बसून लाल शाईनं पाठाचं निरीक्षण लिहायचे. माझ्या इंग्रजीच्या पहिल्या सराव पाठाला शेरा होता, 'फलकलेखन सुवाच्य. बाकी पाहावे.' ते बाकी मी निवृत्तीनंतरही पाहतोय.

टिकटिक: अध्यापकांचे आचार्य, की अध्यापक असलेले आचार्य? समासच नीट उलगडत नाही. शिवाय त्याला डी.एड.चा वास आहे, विद्यापीठात कोण म्हणणार? बी.एड.ला तर आमच्या 'इंग्रजी मेथडच्या मॅडम' होत्या. मेथड म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचा तो. "तुझी मेथड काय?" "इंग्रजी-इतिहास." एवढ्यात सगळं कळायचं.

राधाक्का: मग 'मेथडच्या मॅडम'च लिहा. चेष्टा नाही करत. वापरात आहे तो शब्द मराठी, बाकीचे कोशातले.

चिकित्सक बोका: अक्का, अमेरिकेत 'मेथड' म्हटलं तर 'मेथड अॅक्टिंग'वाले नाटकवाले धावत येतील. गंमत म्हणजे इंग्रजीतही हे भांडण आहे. त्या क्षेत्रातल्या कित्येकांना 'ट्रेनर' म्हटलेलं खपत नाही, 'एज्युकेटर' हवं. ट्रेनिंग हातखंडा देतं, एज्युकेशननं विचार करता येतो, अशी त्यांची मांडणी. मराठीत त्याच धर्तीवर 'शिक्षक प्रशिक्षण' आणि 'अध्यापक शिक्षण' असे दोन शब्द आहेत, पण माणसासाठी 'शिक्षक-शिक्षक' म्हणावं तर बोबडं वाटतं.

टिकटिक: आणि हिंदी पाटीवर 'राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद'. मराठी माणसानं वाचावं आणि घाबरून घरी जावं.

भोरचा मास्तर: तालीम! हा शब्द कसा कुणाला आठवला नाही? मूळ अरबी, अर्थ शिकवणं. 'इल्म' त्याच धातूतला. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला जी योजना मांडली ती 'नई तालीम'. आपण मात्र लाल मातीत आणि नाटकाच्या सरावात तो शब्द अडकवला. शिक्षकांची तालीम घेणारे ते तालीममास्तर.

राधाक्का: बिचारी टेक्सासात लंगोट कसून उभी राहिली डोळ्यांपुढे.

शेवंती: टेक्सास नाही हो, ओहायो. बरं, निदान पहिला डबा तरी कमी करा. 'अन्यभाषिकांना इंग्रजी' चालेल?

सदाशिव पेठी: अन्यभाषकांना. भाषिक हे विशेषण: भाषिक वाद, भाषिक कौशल्य. बोलणारा तो भाषक. कितीदा सांगायचं?

राधाक्का: आमच्या लहानपणापासून 'मराठी भाषिक'च ऐकलंय. सीमाभागातला माणूस लाठ्या खाऊन स्वतःला 'मराठी भाषिक' म्हणतो, त्याला जाऊन तुम्ही शुद्धलेखन शिकवा.

सदाशिव पेठी: लाठ्यांनी प्रत्यय बदलत नाहीत.

चिकित्सक बोका: भाषक असो की भाषिक, 'अन्य' कुणापेक्षा? टेसोलमधला 'इतर' इंग्रजीवाल्याच्या अंगणातून दिसणारा इतर आहे. ओहायोत ठीक. भोरच्या पोराला शिकवताना तो अन्य, की इंग्रजी अन्य? आपल्याकडे हैदराबादला १९५८ साली नुसती इंग्रजीची केंद्रीय संस्था होती. १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषा आल्या आणि २००७ मध्ये तिचं केंद्रीय विद्यापीठ झालं. नाव काय, तर 'इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस'. म्हणजे फ्रेंच-जर्मन परकी, इंग्रजी मात्र घरची नाही आणि पाहुणीही नाही. मध्ये एक 'अँड'.

भोरचा मास्तर: हैदराबादला जाऊन आलेले एक सर आम्हाला होते. आल्यापासून मराठीत भाषांतर बंद, सगळं हावभावांनी. 'हंग्री' शिकवताना पोट धरलं, तर वर्गानं एकमुखानं उत्तर दिलं, "जुलाब!" २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा आम्हा जुन्यांना प्रशिक्षण द्यायला जे आले त्यांचं नाव 'सुलभक', म्हणजे इंग्रजीतला 'फॅसिलिटेटर'. हाही एक शब्द बघा.

टिकटिक: सुलभक! सुलभ शौचालयाची आठवण येते हो.

शेवंती: अंक छपाईला गेला. संपादकांनी सगळं छाटून 'अमेरिकेत इंग्रजीच्या प्राध्यापिका' एवढंच ठेवलं. बहीण म्हणते, आता सगळे नातेवाईक शेक्सपिअरच्या शंका विचारणार.

सदाशिव पेठी: ते असो. 'भाषक'बद्दल माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

राधाक्का: नोंदवा. भाषिक.