'दिवाणी' मिळाली म्हणजे नेमकं काय मिळालं?

शाईदौत:
मुलांसाठी इतिहासाच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'बक्सरच्या लढाईनंतर, 1765 साली बादशहा शाह आलमने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी दिली' असं मी लिहिलं. तपासणाऱ्यांनी शेरा मारला, 'मुलांना कोर्ट वाटेल, बदला.' शेजारच्या नववीतल्या मुलीला वाचायला दिलं, तर तिलाही खरंच कोर्टच वाटलं. काय लिहू?

सरळमराठी:
'महसूलवसुलीचा अधिकार' लिहा. महाराजांनी रघुनाथपंतांकडून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? अजून आपण फारसीच कवटाळून बसायचं का?

मोडीवेडा:
'महसूल' आणि 'वसूल' दोन्ही अरबीच आहेत हो. कोश झाला, तरी पेशवे दप्तरातलं कुठलंही पान काढा, जमा, खर्च, बाकी तसंच आहे. पण ते राहू दे, खरी अडचण अर्थाची आहे. दिवाणी म्हणजे दिवाणाचं पद. मोगल सुभ्यात नाझिमाकडे फौज आणि फौजदारी, दिवाणाकडे महसूल आणि मालमत्तेचे तंटे. सगळी सत्ता एका हाती जाऊ नये म्हणून ही वाटणी. वर्षाला 26 लाख रुपये बादशहाला द्यायचं कबूल करून कंपनी यातली दिवाण झाली. कागदावर बादशहाची चाकर, आणि तिजोरी हिच्या ताब्यात! तोवर माल घ्यायला विलायतेहून चांदी आणावी लागे. आता बंगालच्याच रयतेने भरलेल्या शेतसाऱ्यातून बंगालचंच कापड विकत घ्यायचं आणि जहाजं भरायची. शिपायांचा पगारही त्यातूनच. पाच वर्षांत, 1770 ला, भीषण दुष्काळ पडला तरी वसुली चालूच राहिली. 'वसुलीचा अधिकार' म्हटलं की हे सगळं जकातीच्या ठेक्याएवढं लहान होतं.

कोर्टकचेरी:
त्या मुलीचं अगदीच चुकलं नाही. 1772 ला वॉरन हेस्टिंग्जने दिवाणी अदालत वेगळी आणि फौजदारी अदालत वेगळी अशी जिल्ह्याजिल्ह्यात घडी बसवली. दिवाणीत न्यायाला कलेक्टरच बसायचा, म्हणजे शेतसारा गोळा करणाराच न्यायाधीश. आपल्या 'दिवाणी न्यायालया'चं मूळ तिथे आहे. माझे आजोबा बांधाच्या दाव्यात वर्षानुवर्षं तारखा करत होते. म्हणायचे, 'दिवाणी मागे लागली की दिवाळं निघतं.' मला तर वाटतं दिवाळं हा शब्द दिवाणीवरूनच आलाय.

मोडीवेडा:
नाही पटत. बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसायचा, त्यावरून दिवाळं, असं सांगतात.

कोर्टकचेरी:
तीही ऐकीवच गोष्ट की.

देवगडकर:
शाईदौतताई, 'फॅक्टरी'चं काय केलंत? 'सुरतेला इंग्रजांनी कारखाना काढला' असं छापलेलं पाहिलंय मी. ती वखार! फॅक्टर म्हणजे कंपनीचा गुमास्ता. तो राहतो, माल साठवतो ती फॅक्टरी. आणि वखारीत नुसतं मिरी-कापडच असायचं असं नाही. 1660 ला पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारवाल्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. पुढच्या वर्षी महाराजांनी ती वखार लुटली आणि इंग्रज कैदेत टाकले.

सरळमराठी:
आज वखार म्हटलं की मुलांसमोर लाकडाची वखार येते. 'व्यापारी ठाणं' म्हणा.

देवगडकर:
ठाणं म्हटलं की पोलीस येतील. शब्द शिकवायचे कधी मग?

शाईदौत:
'कंपनी बंगालची दिवाण झाली' असं लिहिलं तर?

सरळमराठी:
मुलांच्या घरी दिवाण म्हणजे बैठकीतला पलंग. झालं का सोपं?

मोडीवेडा:
पलंगही त्याच शब्दातून आलाय. दरबारातल्या बैठकीवरून.

कोर्टकचेरी:
मला 'दिवाण झाली' आवडलं. पद कळतं, चाकरीही कळते.

देवगडकर:
व्यापाऱ्याच्या मागे राज्य उभं असतं हे आपल्याकडे आधीच ओळखलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात बजावलंय की टोपीकर, म्हणजे टोपीवाले युरोपीय व्यापारी, हे वरकड सावकारांसारखे नव्हेत, त्यांचे धनी राज्य करतात. प्लासीच्या कितीतरी आधी! ताई, पुस्तिकेत 'टोपीकर' घ्याच.

सरळमराठी:
टोपीकरला माझी हरकत नाही. वखारीला आहे.