पाळी बदलते, तक्ता मोडतो: शास्त्रवाचन आणि प्रार्थना दिवसात कशी बसवायची?

तिसरी_पाळी

सर्वांना जयख्रिस्त.

आमच्याकडे दर आठवड्याला पाळी बदलते: सकाळ, दुपार, रात्र. घरात दोन मुलं, एक तीन वर्षांचं, एक सात. वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा तक्ता धरला की गाडी लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी रुतते, आणि राहिलेल्या अध्यायांचं कर्ज चढत जातं. प्रार्थना होते ती अंथरुणावर, अर्धवट झोपेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाळीबरोबर सरकवता येईल असा वाचनक्रम कोणता? प्रार्थना कमीत कमी किती आणि कशी करायची? आणि मुलांना घेऊन घरची प्रार्थना कशी करायची, की ती रडारडीत संपणार नाही?

"पहाटे चारला उठा" हे कृपया नको, रात्रपाळीला चार वाजता मी कामावरच असतो. "इच्छा असली की वेळ मिळतो" हेही नको. मिनिटांसकट सांगा.

---

पानखूण

वाचनापुरतं सांगतो. दोष तक्त्याच्या हिशोबात आहे, तुमच्यात नाही.

प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. ३६५ दिवसांत बसवायचे तर रोज सव्वातीन पडतात. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात केलीत की २३ तारखेच्या सुमारास निर्गम २५ येतो. तिथून निवासमंडपाची मापं, फळ्या, कड्या, पडदे आणि याजकांची वस्त्रं सुरू होतात, आणि ३५व्या अध्यायापासून तेच सगळं पुन्हा, आता प्रत्यक्ष बनवताना. महिनाअखेरीस लेवीय, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गणनेतली शिरगणती. बहुतेकांचा तक्ता याच पट्ट्यात मोडतो. त्यात चार दिवस चुकले की तेरा अध्याय मागे. मोठ्याने वाचलं तर तासभराचं काम, आणि तुमच्याकडे तासभर नसतो म्हणून तर ते मागे पडले!

म्हणून दोन गोष्टी बदला.

पहिली, तक्त्यावरून तारखा काढून टाका. 'आठवडा १, आठवडा २' असं लिहा आणि प्रत्येकासमोर पाच चौकोन काढा. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच धरले तर बरोबर ५२ आठवडे होतात आणि दर आठवड्याला दोन दिवस मोकळे राहतात. पाळी बदलते तो दिवस त्या दोनांत टाका. त्या दिवशी झोपेचा बोजवाराच उडालेला असतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही.

दुसरी, चुकलेलं भरून काढायचं नाही. जिथे पानखूण आहे तिथून पुढे. एखादा आठवडा पूर्ण कोरा गेला तर वर्ष ५३ आठवड्यांचं झालं समजा.

सुरुवात मार्कपासून करा. १६ अध्याय आहेत आणि बहुतेक अध्याय मोठ्याने वाचायला पाच-सात मिनिटं पुरतात. अपवाद १४वा, त्यात ७२ वचनं आहेत. तो दोन दिवसांत वाचा, पेत्राच्या नाकारण्याचा भाग दुसऱ्या दिवशी. नंतर फिलिप्पैकरांस पत्र (४ अध्याय), मग याकोब (५), मग लूक. लूकच्या पहिल्या अध्यायात ८० वचनं आहेत, म्हणून त्याचेही दोन भाग करा.

अध्याय मध्येच तोडायला कचरू नका. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या कराराच्या वचनांचे आजचे आकडे १५५१ सालचे. मूळ लेखकांनी यातलं काही घातलेलं नाही. काही ठिकाणी ती चुकीच्या जागीही पडली आहे: मार्क ९:१ हे वचन खरं तर ८व्या अध्यायाच्या शेवटाला जोडून वाचायला हवं, आणि १ करिंथ ११:१ हे दहाव्याच्या शेवटाला. तेव्हा अध्यायापेक्षा प्रसंग जिथे संपतो तिथे थांबणं केव्हाही बरं.

जुना करार सोडू नका, पण त्याची रांग वेगळी ठेवा. मोकळ्या दिवशी उत्पत्ती, रूथ, योना. लेवीय नंतर, इब्रीकरांस पत्र वाचून झाल्यावर. मग ते कळतंही आणि रुततही नाही.

रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटिश पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी जो तक्ता केला त्यात रोज चार अध्याय होते: वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तो आजही पुष्कळ जण वापरतात. पण त्याने स्वतःच त्यासोबत धोकेही लिहून ठेवले होते: वाचन निव्वळ उपचार होणं, त्याचा अभिमान चढणं, भराभर वाचणं, आणि जू झेपणार नाही इतकं जड होणं. तक्ता पुढे फिरत राहिला, ते धोके मात्र फारसे कोणी छापत नाही.

---

रात्रदिवा

प्रार्थनेचं. घड्याळाला बांधू नका, पाळीला बांधा. 'सकाळी सहा' हे तुमच्यासाठी दर आठवड्याला वेगळी गोष्ट आहे. 'कामावर निघण्याआधी', 'मधल्या सुट्टीत' आणि 'झोपण्याआधी' या तीन वेळा मात्र कुठल्याही पाळीत असतातच. दानिएलही दिवसातून तीनदा प्रार्थना करी (दानिएल ६:१०). 'डिडाखे' या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखनात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलं आहे. ही चाल जुनी आहे.

निघण्याआधी, ३ मिनिटं. प्रभूची प्रार्थना, पण थांबत थांबत. सरळ म्हटली तर अर्ध्या मिनिटात संपते, म्हणून प्रत्येक मागणीनंतर दोन श्वास थांबा. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथे आजच्या पाळीतलं जे काम डोक्यावर बसलंय त्याचं नाव घ्या. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस" इथे सोबत काम करणाऱ्या ज्या माणसाशी वाजलंय त्याचं नाव. बस.

मधल्या सुट्टीत, १ मिनिट. एक स्तोत्र. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात, म्हणजे चालत्या माणसाची. १३२वं सोडलं तर एकही नऊ वचनांच्या वर जात नाही. पंधरा दिवसांत एक फेरी होते. रात्रपाळीच्या आठवड्यात १३४वं रोज म्हणा. तीनच वचनं आहेत आणि ती रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहेत. रात्रपाळीवाल्यांची सोय शास्त्रात आधीच आहे.

झोपण्याआधी, ५ ते ७ मिनिटं. मग ते झोपणं सकाळी आठ वाजताचं का असेना. सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नाती लोयोला यांची दिवसाची उजळणी घ्या, तिच्या पाच पायऱ्या: आभार, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने आठवणं, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी एकच निश्चय. हे खुर्चीत बसून करा. अंथरुणावर केलंत तर तिसऱ्या पायरीवर झोप लागते, तुमचं नेमकं तेच होतंय. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे आभारांवरून लोक घाईने पुढे जातात आणि सगळा वेळ चुकांत घालवतात. तेवढ्याने ती उजळणी राहत नाही, स्वतःची उलटतपासणी होते. पहिली दोन मिनिटं आभारांची, मोजून. शेवटी स्तोत्र ४:८ म्हणा आणि आडवे व्हा.

बेरीज नऊ ते अकरा मिनिटं. यापेक्षा जास्त पहिले दोन महिने ठरवू नका.

जवळ एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवा. डोळे मिटले की बिल, गॅस, शाळेची फी हे सगळं हटकून आठवतं. एक शब्द लिहा आणि परत या. मनातल्या मनात ढकलत बसलात तर तेच परत परत येतं.

इतरांसाठी प्रार्थनेची यादी असेल तर ती वारांमध्ये वाटा, वाराला चार नावं. चाळीस नावांची एकच यादी रोज वाचणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात ती हजेरीसारखी वाचतो.

---

दहाबोटे

कॅथलिक वाचकांसाठी थोडी भर. जपमाळ पूर्ण, म्हणजे पाच दशकं (एका दशकात दहा 'नमो मरिया'), १५ ते २० मिनिटं घेते. तिच्यात ५३ 'नमो मरिया' आणि ६ वेळा प्रभूची प्रार्थना. एवढा सलग वेळ नसेल तर दशकं दिवसभरात पसरा, एका दशकाला तीन-चार मिनिटं. जाताना दोन, येताना दोन, झोपताना एक. माळ नसली तरी हाताला दहा बोटं आहेतच.

रहस्यं, म्हणजे दशक म्हणताना मनात धरायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, वारानुसार: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची (ही २००२ पासून). दशक सुरू करताना रहस्याचं नाव मोठ्याने घ्या, नाहीतर तोंड चालतं आणि मन भाजीबाजारात. मोजणी चुकली तर पहिल्यापासून सुरू करू नका, पुढे चला. अकरा झाल्या तर काही बिघडत नाही.

रविवारच्या पाळीबद्दल: शनिवारी संध्याकाळची मिस्सा ऐकली तरी रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं (कॅथलिक धर्मसभेच्या कायद्याचं कलम, कॅनन १२४८). तेही जमत नसेल तर आपल्या धर्मगुरूंशी बोला. योग्य कारण असेल तर सूट द्यायचा किंवा पर्यायी भक्तिकार्य सांगायचा अधिकार त्यांना आहे (कॅनन १२४५). न बोलता अपराधी वाटून घेत बसणारे खूप आहेत. कम्युनियनआधीचा उपास एका तासाचा आहे, तेव्हा पाळीवरून थेट येणाऱ्याला उपाशी राहून यायची गरज नाही. पाणी आणि औषध चालतं.

---

कानसेन

कोणीच ऑडिओचं बोललं नाही? पूर्ण नवा करार ऐकायला साधारण वीस तास लागतात. प्रवासात रोज वीस मिनिटं धरली तर दोन महिन्यांत संपतो. वाचायला वेळ कशाला काढायचा?

---

पानखूण

@कानसेन, ऐकणं चांगलंच आहे, पहिल्या मंडळ्यांनी पत्रं ऐकलीच होती. पण तेव्हा ऐकणारे बसून ऐकत होते, रस्ता ओलांडत नव्हते. प्रवासात कान अर्धवट असतो, दहा मिनिटांनी लक्षात येतं की एक दाखला आख्खा निसटला. उपाय सोपा आहे: जाताना जो अध्याय, येतानाही तोच. चार महिने लागतील, पण काही हाती राहील. आणि पौलाची पत्रं ऐकण्यापेक्षा वाचा, वाक्यं लांब आहेत. शुभवर्तमानं, प्रेषितांची कृत्ये, रूथ, एस्तेर हे ऐकायला उत्तम.

---

तिसरी_पाळी

पाळीला बांधायचं हे पटलं, तारखा आजच खोडतो. मुलांचं राहिलं. धाकटं दोन मिनिटांच्या वर टिकत नाही. आणि फोनवरच वाचतो मी, त्यात काही अडचण?

---

ओवरी

फोनचं आधी. वाचन संपेपर्यंत एअरप्लेन मोड, नाहीतर वचन तीनपाशी सूचना येते आणि वचन चार दुपारी वाचलं जातं. त्याहून सोपं म्हणजे छापील बायबल, दोरी त्या पानावर घालून, जिथे बसता तिथे उघडं ठेवलेलं. उघडं हे महत्त्वाचं. कपाटातून काढायचं, पान शोधायचं, चष्मा शोधायचा, एवढ्यात पाच मिनिटं जातात आणि पाचच मिनिटं होती.

घरची प्रार्थना सात मिनिटांची करा आणि जेवणानंतर नाही, आधी. जेवण झालं की धाकटं पेंगतं, मोठ्याला गृहपाठ आठवतो. ताटं मांडायच्या आधी पोटात भूक असते, त्यामुळे मोठ्यांची प्रार्थनाही आपोआप आटोपशीर होते (हा फायदा कमी लेखू नका).

क्रम असा: गाण्याचं एकच कडवं, तेच आठवडाभर. धाकट्याचं काम तेवढंच, टाळ्या वाजवायच्या. ते झाल्यावर ते उठून गेलं तर जाऊ द्या, ओढून बसवू नका. रडारड वचनामुळे होत नाही, ओढून बसवण्यामुळे होते. मग शुभवर्तमानातला एक प्रसंग, दहा वचनांच्या आत. सात वर्षांच्याला वाचू द्या, अडखळलं तर शब्द सांगा, उच्चार सुधारत बसू नका. त्याला एकच प्रश्न विचारा: "यात कोण काय मागतंय?" बार्तीमय, कनानी बाई, याईर, कुष्ठरोगी, शुभवर्तमानात मागणारी माणसं पुष्कळ आहेत, एक-दीड महिना सहज निघतो. मग प्रत्येकाचं एक वाक्य आभाराचं, एक मागणीचं. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. धाकटंही दोन-तीन महिन्यांत ती ऐकून ऐकून म्हणू लागतं.

मोठ्यांनी एक पाळावं: मुलाची चूक प्रार्थनेत देवाला सांगायची नाही. "प्रभो, याला खोटं न बोलण्याची बुद्धी दे" असं एकदा झालं की मूल दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला यायला कुरकुरतं, आणि त्याचं बरोबर असतं.

तुम्ही कामावर असाल त्या संध्याकाळी घरच्यांनी ठरल्या वेळी सुरू करावं, तुमच्यासाठी थांबू नये. जमलं तर मधल्या सुट्टीत फोन लावून फक्त शेवटची प्रार्थना सोबत म्हणा.

---

रात्रदिवा

आणखी एक, कारण वर 'पहाटे चार'चा उल्लेख झाला. लोक त्यासाठी मार्क १:३५ दाखवतात, येशू अंधार असतानाच उठून एकांतात गेला. पुढची दोन वचनंही वाचा: शिमोन मागोमाग येतो, सगळे तुला शोधताहेत म्हणतो. सहाव्या अध्यायात तर शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, येशूने त्यांना बाजूला चला म्हटलं, आणि लोक त्यांच्याआधी तिथे पोचले. एकांत मोडणं हे शुभवर्तमानातही आहे, तेव्हा तीन मिनिटांत मूल उठलं तर ती तीन मिनिटं वाया गेली असं धरू नका. जिथे थांबलात तिथून पुढच्या सुट्टीत.

रात्रपाळीवरून परतल्यावर आधी झोपा. झोप मारून वाचन करायचं नाही. स्तोत्र १२७:२ याच विषयावर आहे, तेही त्या पंधरांतच येतं.

---

तिसरी_पाळी

सोमवारपासून रात्रपाळी आहे. मार्क १ आणि स्तोत्र १३४ असं ठरलं. चौकोनांचा कागद फ्रिजवर लावलाय, थोरल्याने त्यात आत्ताच एक चौकोन रंगवून टाकलाय.

---

पानखूण

तो मोकळ्या दिवसांत धरा.