शब्दचर्चा : ‘ब्रेक ऑइल’, ‘एअर काढणे’ आणि ‘द्रवचालित’

प्रश्न : कारच्या देखभालीवर मराठी पुस्तिका लिहितो आहे. ‘हायड्रॉलिक ब्रेक’ला ‘जलीय ब्रेक’ म्हणावे का? ‘ब्रेक ऑइल’ तसेच ठेवावे का? आणि ‘एअर काढणे’ला चांगला मराठी शब्द कोणता?

उत्तर : ‘जलीय’ नको. मूळ ग्रीक शब्दात पाणी आहे खरे, पण या ब्रेकचा शत्रूच पाणी! ‘द्रवचालित’ म्हणा. द्रव जवळजवळ दबत नाही आणि बंद नळीत दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम त्या शब्दात बसतो. उदाहरण द्यायचे तर असे द्या : पायाचा जोर २० किलो, पेडलच्या तरफेने त्याचे ८० झाले. मास्टर सिलिंडरचा (पेडल ज्यातला द्रव ढकलते त्याचा) व्यास २० मिमी, कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा ५० मिमी. क्षेत्रफळ सव्वासहा पट, म्हणून पॅडवर ५०० किलो. बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची) मदत यात धरलेली नाही. मात्र पिस्टन सरकतो सव्वासहा पट कमी, त्यामुळे नळीत जराशी हवा असली तरी पेडलची सगळी चाल ती दाबण्यातच जाते.

‘गतिरोधक’ही टाळा. तो रस्त्यावरच्या उंचवट्याने कधीच पळवला.

दुसरे मत : ‘ऑइल’ बोलण्यात राहील, छापताना ‘फ्लुइड’च लिहा. इथे शब्दाने नुकसान होते. नेहमीचे ब्रेक फ्लुइड ग्लायकॉल-इथर जातीचे असते, तेल नव्हे. ‘ऑइलच ना’ म्हणून कुणी इंजिन ऑइल ओतले, तर सिस्टिममधले रबरी सील फुगतात, मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र बंद होते आणि ब्रेक लागलेलेच राहतात. मग नुसते धुऊन भागत नाही. सगळे रबर बदलावे लागते.

हे फ्लुइड हवेतली ओल शोषते. ‘डॉट ४’ दर्जाचे फ्लुइड ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, ३.७ टक्के पाणी शिरले की ही हमी १५५ वर येते. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचे, गाडी उभी असली तरी. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

उत्तर : ‘एअर काढणे’ला हात लावू नका. टायरात ‘हवा’ भरतात, ब्रेकमधून ‘एअर’ काढतात. बोलीने हा भेद आपोआप केला आहे. (ट्रकच्या एअर ब्रेकमध्ये मात्र हीच एअर काम करते, तिथे काढायची नाही.) कृतीची क्रियापदेही तयार आहेत : दाब, धर, सोड. एकाने पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबून धरायचे. दुसऱ्याने चाकाजवळच्या निप्पलला (एअर बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या फ्लुइडमध्ये बुडवायचे, निप्पल पाव ते अर्धा फेरा सैल करायचे, बुडबुडे गेले की आवळायचे आणि मगच ‘सोड’ म्हणायचे. आधी सोडले तर एअर परत आत. मास्टर सिलिंडरवरच्या फ्लुइडच्या डबीतली पातळी ‘मिन’ (किमान) खुणेखाली गेली तर पहिल्यापासून सुरुवात. क्रम बहुधा मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाकडून, म्हणजे आपल्याकडे मागचे डावे आधी. पण काही गाड्यांत तो वेगळा असतो, मॅन्युअल पाहावे.

पुरवणी : पुस्तिकेत ‘ब्रेक फेल’ हा शब्द एकटा वापरू नका, त्यात तीन वेगळे दोष लपतात. पेडल मऊ लागते आणि पंप केल्यावर कडक होते, तर एअर. पाय दाबून धरला असताना पेडल हळूहळू बुडत जाते आणि बाहेर कुठेही गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचा आतला सील गेला. एअर काढून ते दुरुस्त होणार नाही, नव्या सीलचे किट टाका किंवा सिलिंडरच बदला. लांब घाट उतरताना पेडल अचानक खाली गेले आणि अर्ध्या तासाने ठीक झाले, तर फ्लुइड उकळून वाफ झाली होती. गाडी थंड झाल्यावर गॅरेजात हा दोष सापडतच नाही. याला ‘वाफ धरणे’ म्हणता येईल.

प्रश्नकर्ता : ‘वाफ धरणे’ घेतला. ‘लायनर’ आणि ‘पॅड’?

उत्तर : डिस्कला पॅड, ड्रमच्या शूवर लायनर. दोन्हीला ‘लायनर’ म्हटले तर दुकानदार चुकीचा सेट देईल.