मदत हवी आहे: मेझकालचं गाव सांतियागो मातात्लान कुणी पाहिलंय का?

नमस्कार मंडळी, मृतांच्या सणासाठी (१-२ नोव्हेंबर) आम्ही मेक्सिकोत वाहाका शहरात असू. तिथून त्लाकोलुला या बाजारगावाच्या पुढे सांतियागो मातात्लान हे डोंगरांमधलं शेतकरी गाव आहे, स्वतःला मेझकालची राजधानी म्हणवणारं. मेझकाल म्हणजे आपल्याकडे बांधावर दिसतं त्या घायपाताच्या जातकुळीतल्या झाडाची दारू. एस्पादिन जातीचं झाड तयार व्हायला सहा-आठ वर्षं लागतात. मग पानं छाटून गड्डा जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर काही दिवस भाजायचा, घोड्याने ओढलेल्या दगडी चाकाखाली चेचायचा, लाकडी पिंपांत आंबवायचा आणि तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळायचा. चवीला धुराचा वास येतो तो त्या खड्ड्यामुळे.

सणाच्या दिवसांत भट्ट्या चालू असतात का? मला चकचकीत टेस्टिंग रूम नकोय, घरची भट्टी बघायचीय. त्लाकोलुलाचा रविवारचा बाजार करून शेअर टॅक्सीने पुढे जाता येईल का, की वाहाकाहूनच गाडी ठरवावी? आमचं स्पॅनिश 'ग्रासियास' म्हणजे 'धन्यवाद' एवढ्यापुरतंच. सोबत आई आहे. ती थेंबही घेत नाही, पण भट्टी बघायची हौस तिलाच जास्त, म्हणून चढण फार नको.

आणि भारतात परतताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणलेली चालते, तर आईच्या वाट्याच्या बाटल्या तिच्याच बॅगेत हव्यात का?