प्रतिसाद: सूर्यावर खापर नको

सूर्यास्तानंतर जीपीएस भरकटतं ते सौरवादळांमुळेच, असं वर म्हटलंय. दरवेळी नाही. चुंबकीय विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जिथे जमिनीला समांतर असतात तिथे) शांत दिवसांतही हे घडतं. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर झपाट्याने विरतो, वरचा एफ थर मात्र आणखी उचलला जातो. दाट प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) वर, विरळ खाली, असली रचना टिकणार कशी? मग विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर घुसतात आणि त्यांतून येणारे जीपीएसचे संकेत विस्कटतात. 1938 मध्ये बुकर आणि वेल्स या संशोधकांनी पेरूतल्या हुआंकायो वेधशाळेच्या रेडिओ नोंदींत याची खूण टिपली; पुढे लिमाजवळच्या हिकामार्का रडारने हे बुडबुडे शेकडो किलोमीटर चढताना दाखवले. चुंबकीय रेषांना धरून ते उत्तर-दक्षिण पसरतात, म्हणून कोल्हापूरवरही आयनोस्फिअरच्या 630 नॅनोमीटरच्या मंद तांबड्या प्रकाशात कॅमेऱ्याला त्यांचे काळे पट्टे दिसतात. गंमत म्हणजे, सौरवादळ कधीकधी हे बुडबुडे दाबूनही टाकतं!