स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर ध्येयवजन कशावरून ठरवावे?

इंदिरानगरची वाचक :

नमस्कार. माझे वय ४१ आणि उंची १५८ सेंटिमीटर आहे. नऊ महिन्यांपूर्वी नाशिकमध्येच माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढण्याची) झाली. तेव्हा वजन ११२ किलो होते, आज ८६ आहे. मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी बंद केली आहे, रक्तदाब आटोक्यात आहे, घोरणे थांबले आहे आणि पांडवलेण्याच्या पायऱ्या मी मध्ये एकदाच बसून चढू शकते. तब्येतीची म्हणावी अशी तक्रार नाही. सुरुवातीला झरझर खाली येणारा काटा आता मात्र महिन्याला जेमतेम किलोभर हलतो, आणि त्यामुळे ‘थांबायचे कुठे’ हा प्रश्न पुढे आला आहे.

उंचीच्या तक्त्याप्रमाणे माझे वजन ५७ किलो असायला हवे. लग्नात मी ६० किलोची होते आणि माझ्या मनात कायम तोच आकडा राहिला आहे. आहारतज्ज्ञांनी मात्र फाईलवर ‘७८ ते ८२’ असे लिहून दिले आहे. ८० किलो धरले तरी माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३२ येतो, म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने मी लठ्ठच राहणार. जाऊबाईंचे म्हणणे असे, की एवढा खर्च करून आणि पोट कापून घेऊन काम अर्ध्यावर सोडल्यासारखे होईल. त्यांचे बोलणे मी फारसे मनावर घेत नाही, पण रात्री तोच हिशेब डोक्यात फिरतो, हेही खरे.

ज्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांचा या विषयाशी कामाच्या निमित्ताने संबंध येतो, त्यांनी सांगावे : स्वतःचे ध्येयवजन नेमके कशावरून ठरवायचे?

आहारतज्ज्ञ, गंगापूर रोड :

ताई, आपल्या आहारतज्ज्ञांनी लिहिलेला आकडा कमी अपेक्षेचा नाही, तो हिशेबाचा आहे. स्लीव्हनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत बहुतेकांचे मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरते. ११२ किलोंचे २५ टक्के म्हणजे २८ आणि ३० टक्के म्हणजे साधारण ३४, याचा अर्थ ८४ ते ७८ किलो. आपण नवव्या महिन्यात २३ टक्के उतरला आहात, म्हणजे वाटेवरच आहात. ५७ गाठायचे तर मूळ वजनाचा जवळजवळ निम्मा भाग जायला हवा. असे क्वचित कोणाचे होतेही, पण ते अपवाद असतात आणि अपवादाला ध्येय मानले की उरलेले सगळे यश अपयशासारखे दिसू लागते.

काटा मंदावला याचा अर्थ आपले काही चुकले असा काढू नये. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढला जातो. त्यातच घ्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. परंतु शरीर लहान होते तसा त्याचा रोजचा खर्चही घटतो. ११२ किलोंचे शरीर नुसते उभे ठेवायला जेवढी ऊर्जा लागत होती, तेवढी ८६ किलोंना लागत नाही. खाणे आणि खर्च जिथे जुळतात तिथे वजन स्थिरावते, आणि ती जागा कोणता तक्ता ठरवत नाही.

तक्त्याविषयीही थोडे सांगते. बीएमआयच्या मागचे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या आदोल्फ केटले यांनी मांडले. ते गणिती होते आणि त्यांना लोकसंख्येची सरासरी हवी होती, रोग्याचे निदान नव्हे. आपल्या भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा मुद्दाम खाली आणल्या आहेत (२३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा), कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर होतो. धोका कोणाला आहे हे ओळखण्यासाठी ती मर्यादा उत्तम आहे. पण जो माणूस ४५ च्या बीएमआयवरून खाली येत आहे, त्याने कुठे थांबावे हे ती सांगू शकत नाही. शिवाय वजनात सैल झालेली त्वचाही मोजली जाते, आणि ती उपाशी राहून कमी होत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी फाईलच्या पहिल्या पानावर किलो लिहू देत नाही. तिथे कमरेचा घेर येतो (स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात, तिथवर पोहोचला नाहीत तरी घेर उतरता असणे महत्त्वाचे), तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) येते, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि लोह येते. मधुमेहाची सर्व औषधे बंद होऊन तीन महिन्यांनंतरही एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिले, तर त्याला मधुमेह माघारी गेला असे म्हणतात. आपल्यासाठी ६० किलोंपेक्षा हे ध्येय मोठे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र उरलेली गोळी केव्हा कमी करायची हे आपले डॉक्टरच ठरवतील.

आकडा गाठण्याच्या हट्टापायी खाणे आणखी तोडले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जात आहेत का, हे आधी मोजा.

नाशिकरोडचा वाचक :

माझी बायपास (हृदयाची नव्हे, वजन कमी करण्यासाठीची जठराची) झाली त्याला काही वर्षे झाली, म्हणून पुढच्या टप्प्याविषयी लिहितो. बहुतेकांचे सर्वांत कमी वजन पहिल्या दीड-दोन वर्षांत येते आणि त्यानंतर थोडे परत चढते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते, आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्के राहिली. आपली शस्त्रक्रिया वेगळी आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण वजन थोडे परत येण्याचा कल तोच असतो. त्यामुळे मी ध्येय ठरवताना ‘सर्वांत खाली किती’ हा प्रश्नच घेतला नाही. पाच वर्षांनी, घरातले लग्नकार्य, दिवाळीचा फराळ आणि रविवारची मिसळ सांभाळून कोणते वजन टिकेल, तो आकडा मी शोधला. (मिसळ सुटली नाही, मटकीची उसळ जास्त, तर्री नावाला आणि फरसाण व पाव जवळपास नाहीच. मिसळप्रेमी नाशिककरांनी क्षमा करावी.)

गुडघ्यांचेही सांगतो. वजन एक किलो कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. आपण २६ किलो उतरवले आहेत. पांडवलेण्याच्या पायऱ्यांचा अनुभव आपणच लिहिला आहे, त्यामुळे अधिक सांगायला नको. माझ्यासाठी श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी हे ध्येय होते आणि ती पूर्ण झाली तेव्हा माझा बीएमआय तिशीच्या वरच होता.

सातपूर औद्योगिक वसाहतीतील अभियंता :

वरील दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. आकड्याला महत्त्व देऊ नका हे म्हणणे ऐकायला सोपे आहे, पण आकडा नसला की माणूस स्वतःची समजूत घालायला मोकळा होतो. शस्त्रक्रियेनंतर वजन चढू लागते तेव्हा ते एका दिवसात चढत नाही. चहाबरोबरचे बिस्कीट, जेवणानंतरचे गोड, संध्याकाळचा चिवडा अशा वाटेने ते येते, आणि आकडा लिहिलेला नसेल तर दहा किलो वाढेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. मऊ आणि गोड पदार्थ लहान झालेल्या जठरातूनही सहज उतरतात, हे या शस्त्रक्रियेचे दुबळे अंग आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की ध्येय एक नसावे. खालचे आणि वरचे असे दोन आकडे असावेत. खालचा आकडा आपल्या आहारतज्ज्ञांनी दिलाच आहे. वरचा आपण ठरवायचा : सर्वांत कमी वजनापेक्षा अमुक किलो वाढले की कोणाला काही न विचारता तपासणीची वेळ घ्यायची. मी स्वतःसाठी पाच किलोंची मर्यादा ठेवली आहे. ही मर्यादा वैद्यकीय नियम नव्हे, माझी सोय आहे. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करावे. रोज काट्यावर उभे राहणाऱ्याला पाण्याचा चढउतारही चरबी वाटू लागतो.

आणि जाऊबाईंना ११२ आणि ८६ हे दोनच आकडे सांगावेत. ५७ त्यांना कोणी सांगितला?

इंदिरानगरची वाचक :

सर्वांचे मनापासून आभार. ५७ हा आकडा मीच घरात बोलून दाखवला होता, त्यामुळे जाऊबाईंना दोष देता येणार नाही. आता फाईलवरचे ‘७८ ते ८२’ तसेच ठेवून त्याखाली वरची मर्यादा लिहून घेणार आहे, आणि वर्षाच्या तपासणीत बी-१२ व लोहाविषयी विचारणार आहे. कमरेचा घेर मात्र मी आजवर मोजलेलाच नव्हता. काल मोजला तर ९८ आला.

एक शंका उरते. आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास असतात आणि या वर्षी घट माझ्याकडे आहेत. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्यावर नऊ दिवस काढले तर वजन उतरेल, असे घरात सर्वांना वाटते. ते योग्य ठरेल का?

आहारतज्ज्ञ, गंगापूर रोड :

उतरेल असे सांगता येत नाही, आणि उतरले तरी त्यात स्नायूंचा वाटा मोठा असेल. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाही नाहीत आणि मधुमेहाची एक गोळी अजून चालू असताना साखर एकदम वर जाऊ शकते. उलट नुसते उपाशी राहिले तर काही गोळ्यांमुळे ती फार खालीही जाते, त्यामुळे गोळीविषयी डॉक्टरांना उपवासाआधी विचारावेच लागेल. घट बसवावेत, पूजा करावी. उपवास पहिल्या आणि शेवटच्या दिवसापुरता ठेवता येतो, अनेक घरांत तशी ‘उठता-बसता’ उपवासाची पद्धत आहेच. त्या दोन दिवशी दूध, दही, पनीर, थोडे शेंगदाणे आणि राजगिरा असे थोडे थोडे करून दिवसभरात घ्यावे. पाणी घोटाघोटाने चालू ठेवावे, पण खाताना नाही; खाण्यानंतर साधारण अर्धा तास जाऊ द्यावा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या उपवासाच्या दिवशीही बंद करू नयेत. आणि त्या आठवड्यात काट्यावर उभे राहू नये, नवरात्र झाल्यावर नेहमीच्या वारी पाहावे.