उत्तर: मोबाइल डेटावर साइट दिसते, घरच्या वायफायवर नाही

तुमची स्वतःची साइट मोबाइल डेटावर उघडते म्हणजे सर्व्हर (साइट जिथे ठेवलीय तो संगणक) जिवंत आहे, एवढं नक्की. वरच्या उत्तरांत सगळे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलायला सांगताहेत, पण आधी ब्राउझर नेमकं काय म्हणतो ते बघा. सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही म्हणत असेल तर दोष डीएनएसचा, मग डीएनएसच्या सेटिंगमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा. नुसतंच गोल गोल फिरून 'टाइम्ड आउट' येत असेल तर माझा संशय होस्टिंगच्या (साइट ठेवणाऱ्या कंपनीच्या) फायरवॉलवर, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर.

माझंही हेच झालं होतं. त्याच होस्टिंगवरच्या ईमेलचा पासवर्ड बदलला, पण घरातल्या जुन्या टॅबलेटमधलं मेल अ‍ॅप जुनाच पासवर्ड घेऊन दर काही मिनिटांनी सर्व्हरचं दार ठोठावत होतं. फेल-टू-बॅनसारखी (वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला रोखणारी) व्यवस्था अशा वेळी थेट आयपीच, म्हणजे घरच्या जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ताच, अडवते. मी मात्र दोन दिवस राउटर बदडत बसलो!

घरच्या वायफायवरून 'माय आयपी' शोधा, तो आकडा होस्टिंगवाल्यांना कळवा आणि ब्लॉक काढायला सांगा. त्याआधी जुना पासवर्ड सगळीकडून काढा, नाहीतर पुन्हा अडकाल. राउटरमधला वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर बाहेरचा पत्ता तुम्ही इतर ग्राहकांबरोबर वाटून घेताय. मग शेजाऱ्याच्या उपद्व्यापाची शिक्षाही तुम्हाला होऊ शकते.